एक, अनेक आणि जुगत

मैत्रिणींनो, आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणींनी दूरदर्शनवर ती छोटी कार्टून फिल्म पाहिली असेल. पाखरं जाळ्यात अडकतात आणि जाळ्यासकट उडून जातात, ती. नाव 'एक अनेक और एकता'. १९७४ साली विजया मुळे यांनी ती केली. 'लगान'मध्ये भुवनची आई झालेल्या सुहासिनी मुळे यांच्या या आई. चित्रं भीमसैन यांची, संगीत वसंत देसाईंचं, आणि गाणारी लहान मुलगी म्हणजे साधना सरगम. फिल्म हिंदी आहे, पण बोलणं इतकं सोपं की शेंबडं पोरही समजतं. या महिन्याच्या पाठाला तीच घेऊ.

सुरुवातीला एक छोटा मुलगा मोठ्या मुलीला विचारतो, अनेक म्हणजे काय? ती व्याख्या सांगत बसत नाही, दाखवते. आकाशात सूर्य एक, तारे मात्र अनेक. म्हणजे एकात एक मिळवत गेलं की अनेक, आणि त्यातला प्रत्येक जण एकच राहतो. आपल्या गटाच्या वहीतही असंच आहे. प्रत्येकीचं नाव वेगळं, बचतीचा रकाना वेगळा, सही तिची तिची. बैठकीला चार जणी आल्या आणि सह्या चौदा झाल्या, की वहीत अनेक दिसतात पण गट चौघींचाच असतो.

मग पारध्याच्या जाळ्याची गोष्ट. एकेकटं फडफडून काही होत नाही, सगळ्यांनी एकाच वेळी जोर लावला की जाळंच उचललं जातं. "एकाच वेळी" हे महत्त्वाचं. हप्ता कुणी पाच तारखेला, कुणी वीसला दिला तर जोर सगळ्यांचा लागूनही जाळं जागचं हलत नाही. शेवटी उंदीर येऊन जाळं कुरतडतात.

ही गोष्ट मूळची पंचतंत्रातली. तिथे कबुतरं आहेत, त्यांचा राजा चित्रग्रीव आणि त्याचा मित्र हिरण्यक उंदीर. उंदीर आधी राजाचे पाश तोडायला जातो, तेव्हा राजा म्हणतो, आधी माझ्या सोबत्यांचे तोड, माझे शेवटी. फिल्ममध्ये हे नाही, पण आपल्याला खरं कामाचं हेच आहे. बँकेचं कर्ज आलं की पहिली उचल कुणाची, यावरून गट फुटतात, उघड बोललं जात नाही इतकंच. अध्यक्ष आणि सचिवांनी आपलं नाव यादीत शेवटी लिहिलं तर निम्मी कुजबुज तिथेच थांबेल.

शेवटी मुलं विचारतात, आपण एक होऊन झाडावरचा आंबा काढू का? मुलगी हो म्हणते, पण जुगत करावी लागेल असंही सांगते. मला सगळ्या फिल्ममध्ये हे बोलणं जास्त आवडतं. नुसतं एक होऊन आंबा हातात येत नाही. खाली कुणी उभं राहायचं, खांद्यावर कुणी चढायचं, हे ठरवावं लागतं. आपली भातलावणीची सावड आठवा. कुणाच्या खाचरात कोणत्या दिवशी, रोपं कुणी उपटायची, घरी भाकरी कुणी थापायच्या, सगळं आधी ठरलेलं असतं, म्हणून तर पावसात उरकतं. तांदूळ विकताना मात्र जी ती आपलं पोतं घेऊन वेगळी जाते आणि व्यापारी म्हणेल तो भाव घेऊन येते. दहा जणींनी एकच काटा, एकच टेम्पो आणि आधी ठरवलेला भाव केला, तर तीही जुगतच.

फिल्म दहा मिनिटांच्या आत संपते, कुणाच्याही मोबाईलवर मिळते. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाल्यावर दाखवा. नंतर दोनच प्रश्न विचारा आणि उत्तरं इतिवृत्तात लिहा: आपल्या गटाचा 'आंबा' कोणता? आणि तो काढायला खाली उभं कोण राहणार?