समुद्राची सहल आणि शिदोरी

घाटावरच्या माणसाला समुद्राची ओढ फार. सुगी आटोपली, हाती चार पैसे आले, की सातारा, सांगली, कोल्हापूरकडची कुटुंबे गणपतीपुळ्याला निघतात. गणपतीपुळे रत्नागिरी जिल्ह्यात आहे. देऊळ अगदी समुद्राच्या काठी. देवदर्शनही होते आणि पोरांना समुद्रही दिसतो.

जावे, जरूर जावे. पण परत आल्यावर पुष्कळ जण म्हणतात, "गाडीभाडे परवडले हो, खाण्यापिण्यानेच खिसा कापला." काही जण तर सहलीसाठी उसनवारी करतात आणि ती पुढे चार महिने फेडत बसतात. तसे होऊ नये म्हणून आज आपण खाण्यापिण्याचा हिशेब शिकू.

शिदोरी कशी बांधावी

निघताना शिदोरी बांधावी. पण कोणता पदार्थ किती टिकतो, हे आधी पाहावे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, लसणाची चटणी, चिवडा, गूळपापडी, लाडू हे पदार्थ प्रवासात टिकतात. ओल्या नारळाची चटणी, रस्सा, वरण-भात हे उन्हात काही तासांतच आंबते. कोकणची हवा दमट. तिथे अन्न लवकर नासते. वास आला, तार सुटली, की ते अन्न टाकून द्यावे. "वाया कशाला घालवायचे?" म्हणून पोरांना खाऊ घालू नये. दहा रुपये वाचवायला जावे आणि दवाखान्यात दोनशे घालावेत, हा कुठला शहाणपणा?

स्टो, रॉकेल, गॅसची टाकी बरोबर घेऊ नये. एस.टी.त आणि रेल्वेत त्यांना मनाई आहे. आग लागली तर साऱ्या गाडीच्या जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट. सहल सगळ्या घराची असते. घरच्या बाईने वाळूत चूल मांडून दोन्ही वेळा भाकऱ्याच थापायच्या असतील, तर तिने समुद्र कधी पाहायचा? म्हणून आम्ही म्हणतो, एक वेळ शिदोरी आणि एक वेळ खानावळ. पैसाही वाचतो आणि बाईमाणसालाही विसावा मिळतो. शिदोरी बांधायलाही गड्यांनी हात लावावा.

खानावळीत शिरण्याआधी

कोकणात घरगुती जेवणाच्या खानावळी पुष्कळ आहेत. पाटावर बसण्याआधी भाव विचारावा. त्यात लाज कसली? एका ताटात किती पोळ्या किंवा भाकऱ्या येतात, भात पुन्हा वाढतात की त्याचे वेगळे पैसे पडतात, सोलकढी ताटातली की वेगळी, हे सगळे विचारून घ्यावे.

मासळी खाणार असाल तर सुरमई आणि पापलेट महाग असतात. बांगडा, तारली, मांदेली बहुधा स्वस्त आणि चवीलाही छान. फलकावर कधी कधी "आकाराप्रमाणे दर" असे लिहिलेले असते. तिथे मासा आधी पाहावा, दर ठरवावा आणि मगच तळायला सांगावे. जून-जुलैत मासेमारी बंद असते. तेव्हा ताजी मासळी कमी आणि भाव जास्त.

पाणी आणि आकडे

आता तुम्हांला वाचता येते. ती विद्या इथे कामाला येते. पाण्याच्या बाटलीवर आणि बिस्किटाच्या पुड्यावर एम.आर.पी. छापलेली असते. म्हणजे जास्तीत जास्त किंमत. तिच्यात सगळे कर आलेले असतात. दुकानदाराला त्याहून जास्त घेता येत नाही. "थंड करण्याचे दोन रुपये वेगळे," असे तो म्हणाला, तर छापलेल्या आकड्यावर बोट ठेवावे. तक्रारीसाठी १९१५ हा सरकारी फोन आहे. मात्र हॉटेलात बसून बाटली मागवली, तर हॉटेलवाला जास्त घेऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली तसा निकाल दिला आहे. म्हणून बाटली दुकानातून घ्यावी. बाटलीचे सील आणि तारीख तपासावी.

हॉटेलचे बिलही वाचून पाहावे. त्यात सेवाशुल्क लावलेले असेल, तर ते देण्याची सक्ती नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तसे स्पष्ट केले आहे.

घरून पाणी भरून न्यावे. पण पैसे वाचवायला तहान मारू नये. उन्हात म्हातारी माणसे आणि मुले लवकर गळून जातात. कुणाला जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. ते पाणी थोडे थोडे पाजत राहावे आणि डॉक्टरला दाखवावे.

हिशेब करून पाहू

घरात पाच माणसे, सहल दोन दिवसांची. पुढचे दर गणित समजावे म्हणून धरले आहेत.

सगळे बाहेर खाल्ले तर:
जेवणे ३ वेळा, ताट १५० रुपये : २२५० रुपये
न्याहारी २ वेळा, माणशी ४० रुपये : ४०० रुपये
चहा ४ वेळा, कप १५ रुपये : ३०० रुपये
पाण्याच्या १० बाटल्या, २० रुपयांप्रमाणे : २०० रुपये
एकूण : ३१५० रुपये

शिदोरी नेली तर:
शिदोरीचे सामान : ३५० रुपये
जेवणे २ वेळा : १५०० रुपये
चहा ४ वेळा : ३०० रुपये
पाण्याच्या २ बाटल्या : ४० रुपये
एकूण : २१९० रुपये

म्हणजे ९६० रुपये वाचले. त्यांतून प्रत्येकाला ६० रुपयांचे एक शहाळे घ्या. त्याचे ३०० रुपये गेले, तरी ६६० रुपये उरतात. पोरीच्या वह्या आल्या!

शहाळेवाल्याशी मात्र दोन रुपयांसाठी हुज्जत घालू नये. तोही आपल्यासारखाच कष्टाचे खातो. काटकसर म्हणजे कंजूषपणा नव्हे. आपला पैसा कुठे जातो हे ओळखणे, ही खरी काटकसर. आणि शिदोरीचे कागद, पिशव्या, रिकाम्या बाटल्या वाळूत टाकू नयेत. आपल्या पिशवीतून परत आणाव्यात.

प्रश्न
१. प्रवासात टिकणारे तीन पदार्थ लिहा.
२. घरातील बिस्किटाचा पुडा घ्या. त्यावरची किंमत आणि तारीख वाचा.
३. तुमच्या घरात किती माणसे आहेत? तुमच्या सहलीचा हिशेब वहीत मांडा.