रात्रीच्या मासेमारीसाठी डोक्यावरचा दिवा

सांजेला जाळे लावायचे आणि पहाटेच्या अंधारात ते काढायचे, ही भोई लोकांची जुनी रीत आहे. आपल्या अकोला जिल्ह्यात महानचे धरण आहे. ते काटेपूर्णा नदीवर बांधले आहे. अकोला शहर त्याचेच पाणी पिते. अमरावती जिल्ह्यात मोर्शीजवळ ऊर्ध्व वर्धा धरण आहे. अशा पाण्यात रोहू, कटला, मृगळ हे मासे वाढतात. अंधारात माशाला जाळ्याचा धागा दिसत नाही, म्हणून रात्री मासा जास्त अडकतो. ऊन वर येईपर्यंत जाळे पाण्यात ठेवले, तर अडकलेला मासा मरून नरम पडतो. बाजारही हुकतो. म्हणून भोई उजाडायच्या आधीच पाण्यावर जातो.

अंधारात त्याचे हात काय काय करतात ते पाहा. एका हाताने जाळे ओढायचे. दुसऱ्या हाताने मासा सोडवायचा. डोंगा कलला तर तोल सावरायचा. बोटात काटा जाऊ नये म्हणून जपायचे. दोन्ही हात गुंतलेले. मग दिवा कोण धरणार? पूर्वी टेंभा होता. नंतर कंदील आला. ओगल्यांचा प्रभाकर कंदील तुमच्या आजोबांच्या घरी असेलच. मग हातातली बॅटरी आली. ती कित्येक जण दातांत धरत. दातांत बॅटरी धरलेल्या माणसाला हाक मारता येत नाही, हे बुडताना कळते.

डोक्याला दिवा बांधण्याची युक्ती खाणीत काम करणाऱ्या मजुरांची आहे. शंभर वर्षांपूर्वी ते टोपीवर कार्बाइडचा दिवा लावीत. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडले की गॅस निघतो. तो गॅस जळून उजेड होतो. काही लबाड व्यापारी आंबे पिकवायला वापरतात तोच हा कार्बाइड. आंब्यासाठी तो वापरायला कायद्याने बंदी आहे, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता डोक्यावरच्या दिव्यात एल. ई. डी. असतो. त्यात तार तापत नाही, म्हणून वीज थोडी लागते. लाल आणि हिरवे एल. ई. डी. आधीपासून होते. निळा काही केल्या जमत नव्हता आणि निळ्यावाचून पांढरा उजेड होत नव्हता. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांनी निळा एल. ई. डी. साधला. त्यासाठी त्यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या मेहनतीचे फळ आज आठवडी बाजारातही विकायला असते. पण त्याच बाजारात खोटा मालही असतो. म्हणून हा धडा.

माझ्या ओळखीच्या एका भोयाने बाजारातून असा दिवा आणला. खोक्यावर मोठमोठे आकडे होते. मध्यरात्रीनंतर धरणाच्या मध्यावर दिवा मंद झाला आणि विझला. वर धुके. धरणात बुडालेल्या झाडांची खोडे पाण्याखाली उभी असतात, ती दिसेनात. डोंगा एका खोडावर चढला आणि कलला. तो आणि त्याचा मुलगा तसेच धरून बसले, उजाडेपर्यंत. जीव वाचला. जाळे गेले. नंतर तो मला म्हणाला, “गुरुजी, खोक्यावर काय लिवलं होतं ते मले वाचता आलं असतं, तं म्या तो घेतलाच नसता.”

तेव्हा खोक्यावर काय लिहिलेले असते, ते आपण पाहू.

पहिला आकडा उजेडाचा. उजेड लुमेनमध्ये मोजतात. जसे धान्य किलोत, तसा उजेड लुमेनमध्ये. आपल्या घरी पूर्वी ६० वॅटचा पिवळा बल्ब असे. त्याचा उजेड साधारण ७०० लुमेन होता. आता एखाद्या स्वस्त दिव्यावर ‘१०,००० लुमेन’ असे छापलेले दिसले, तर हिशेब करा. १०,००० म्हणजे तसे चौदा बल्ब. चौदा बल्बांचा उजेड एवढ्याशा डबीतून रात्रभर निघेल काय? तो आकडा खोटा आहे, हे दुकानात उभ्या उभ्याच कळते.

आणि एवढा उजेड लागतो कोणाला? हातातल्या जाळ्यातून मासा सोडवायला ३० ते ५० लुमेन पुष्कळ झाले. काठाने चालायला १०० पुरतात. दूरचा काठ किंवा दुसऱ्याचा डोंगा पाहायचा असेल तर २०० ते ३०० हवेत, तेही घटकाभर. म्हणून मंद, मध्यम आणि प्रखर असे तीन उजेड देणारा दिवा घ्यावा. रात्रभर मंद उजेडावर काम करावे.

“गुरुजी, उजेड गंज असला तं बरंच न?” असे पुष्कळ जण विचारतात. नाही दादा. प्रखर उजेड पाण्यावरून उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. शेजारच्या डोंग्यातला माणूस दिपून जातो. उथळ पाण्यातला मासा झटक्याने पडलेल्या उजेडाने बुजतो आणि पळतो. धुक्यात तर प्रखर दिवा कपाळावर नकोच. समोर नुसती पांढरी भिंत दिसते. अशा वेळी दिवा डोक्यावरून काढून कमरेपाशी धरावा. उजेड डोळ्यांपासून दूर आणि खाली असला की धुक्यातून थोडे पुढचे दिसते.

दुसरा आकडा बॅटरीचा, आणि सगळ्यात जास्त फसवणूक इथेच आहे. पाण्याच्या टाकीला लिटर, तसे बॅटरीला ‘एम ए एच’. ही तीन इंग्रजी अक्षरे ओळखायला शिका. डोक्याच्या दिव्यात बहुधा बोटाएवढी जाड लिथियमची बॅटरी असते. तिच्यावर १८६५० असे लिहिलेले असते. हा तिचा दम नव्हे. ते तिचे माप आहे: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. दुकानदार या आकड्यावर बोट ठेवून ‘अठरा हजारांची बॅटरी’ म्हणाला, तर नमस्कार करून बाहेर पडा.

या मापाच्या चांगल्या बॅटरीत साधारण २,००० ते ३,५०० एम ए एच मावतात. कोणी त्यावर ९,९०० छापले, तर ते पायलीत दोन मण मावल्यासारखे आहे. अशी बॅटरी ओळखायची एक सोपी तऱ्हा आहे. ती सोनाराच्या काट्यावर ठेवा. खरी बॅटरी ४५ ग्रॅमच्या आसपास भरते. खोटी पुष्कळदा फार हलकी भरते, कारण आत माल कमी असतो.

आता ती किती तास पुरेल? समजा, बॅटरी २,००० एम ए एच आहे आणि मध्यम उजेडावर दिवा २५० मिलिअँपिअर वीज घेतो. २,००० ला २५० ने भागा. उत्तर ८. म्हणजे ८ तास. तोच दिवा प्रखर उजेडावर १,००० घेत असेल, तर दोनच तास. पौष महिन्यात आपल्याकडची रात्र १३ तासांची असते. दोन तासांचा दिवा घेऊन १३ तासांच्या रात्रीत जायचे काय, हे ज्याचे त्याने पाहावे. थंडीत बॅटरी थोडी लवकर दमते, तेही धरून चाला.

खोक्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा घरी परीक्षा घ्या. बॅटरी पूर्ण भरा. सांजेला दिवा मध्यम उजेडावर लावून समोर ठेवा. घड्याळ पाहून वेळ वहीत लिहा. उजेड निम्मा वाटला की पुन्हा वेळ लिहा. तुम्हाला आता आकडे लिहिता येतात. ही वही दुकानदाराला दाखवली, तर तो तुम्हाला अडाणी समजणार नाही.

तिसरी खूण पाण्याची. खोक्यावर आय, पी, एक्स अशी तीन इंग्रजी अक्षरे आणि पुढे एक आकडा असतो. ४ असेल तर दिवा पावसाचे शिंतोडे सोसतो, पण पाण्यात पडला तर कामातून जाऊ शकतो. ७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जात नाही. ८ त्याहून चांगला. डोंग्यावर जाणाऱ्याने ७ च्या खाली जाऊ नये. बॅटरी भरायच्या छिद्रावर रबराचे झाकण असते. ते नीट दाबलेले नसेल, तर ७ काय नि ८ काय, पाणी आत जाणारच. घरी आणल्यावर ७ चा दिवा बादलीत बुडवून पाहावा आणि पावती जपून ठेवावी. ४ चा मात्र बुडवू नये.

लाल उजेडाविषयी थोडे. अंधारात आपले डोळे हळूहळू सरावतात. पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात. पांढरा दिवा एकदा डोळ्यांवर पडला की सारा सराव गेला. मंद लाल उजेडाने तो सराव फारसा मोडत नाही. शिवाय लाल उजेडावर किडे कमी येतात. तोंडात चिलटे जाऊन ज्याने मासे सोडवले आहेत, त्याला याची किंमत सांगायला नको. मात्र लाल उजेडासाठी वेगळे बटण असलेला दिवा घ्या. एकाच बटणाने आधी प्रखर, मग मध्यम, मग लाल असे होत असेल, तर लालपर्यंत पोचेतो डोळे दिपलेलेच असतात.

पट्टा धुता येणारा हवा, दिवा खाली झुकवता यावा, आणि बटण ओल्या बोटांना चाचपून सापडावे. बाकी रंगरूप काही पाहू नये.

बॅटरी भरतानाही जपावे. ओला दिवा वायरीला लावू नये. गोधडीखाली ठेवून भरू नये. फुगलेली बॅटरी वापरू नये. ती चुलीत टाकली तर फुटते.

चांगला दिवा महाग पडतो. दोनशे रुपयांतही दिवा मिळतो आणि दोन हजारांतही. माझे मत विचाराल, तर एकच भारी दिवा घेण्यापेक्षा मध्यम किमतीचा एक चांगला दिवा आणि खिशात एक लहानसा दुसरा, हे बरे. आणि दोन्हींच्या आधी अंगात तरंगणारे जाकीट. पाण्यात पडलेल्या माणसाला दिवा तरंगवीत नाही.

कोणी म्हणेल, समुद्रावर तर एल. ई. डी. लावायला बंदी आहे. ती गोष्ट वेगळी. तिथे बोटींवर मोठमोठे दिवे लावून मासा उजेडाकडे ओढत आणि लहानमोठा सगळाच मासा गोळा करीत. केंद्र सरकारने २०१७ साली अशा मासेमारीला बंदी घातली. आपण बोलतो तो दिवा काम दिसावे म्हणून. धरणातल्या मासेमारीचा ठेका मात्र बहुधा सहकारी संस्थेकडे असतो, तिला विचारूनच जावे. महानच्या धरणाभोवती काटेपूर्णा अभयारण्य आहे. तिथे रात्री जाण्याबद्दल वनखात्याचे नियमही आधी विचारावेत.

ज्यांना मासे धरायचे नाहीत त्यांनाही हा दिवा उपयोगी आहे. ज्या गावात शेतीला रात्रपाळीची वीज मिळते, तिथे हरभऱ्याला ओलीत करणारा माणूस अंधारातच बांधाबांधाने फिरतो. मण्यार रात्रीच निघते. हातात फावडे असते, तेव्हा उजेड कपाळावरच हवा, आणि तो पायांपुढे पडेल असा झुकवलेला हवा.

अभ्यास

१. एका बॅटरीवर ३,००० एम ए एच लिहिले आहे. दिवा मंद उजेडावर १५० मिलिअँपिअर वीज घेतो. तो किती तास पुरेल?

२. दोन दिवे आहेत. एकावर आय पी एक्स ४ आणि १०,००० लुमेन लिहिले आहे. दुसऱ्यावर आय पी एक्स ७ आणि ३०० लुमेन लिहिले आहे. डोंग्यावर कोणता न्याल? का ते दोन ओळींत लिहा.

३. तुमच्या घरात जी बॅटरी असेल ती घ्या. तिच्यावरचे सगळे आकडे वहीत उतरवा आणि पुढच्या वर्गाला येताना वही आणा.