शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या तरुणांस

चाकण व पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत पाळीवर काम करून शिक्षक होऊ पाहणाऱ्या आमच्या मंडळ्यांतील तरुणांनो, फी भरण्यापूर्वी स्वतःस विचारा: आपणांस कोणत्या वर्गाची मुले शिकवावयाची आहेत?

पहिली ते पाचवीकरिता बारावीनंतरची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका लागते. बी.एड. ह्या वर्गांस चालत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिला. पदवीनंतरचे बी.एड. वरच्या वर्गांसाठी होय. आठवीपर्यंत शिकविणाऱ्यास शिवाय शिक्षक पात्रता परीक्षेत १५० पैकी ९० गुण मिळवावे लागतात. राखीव प्रवर्गांस काही सवलत आहे. दोन्ही अभ्यासक्रमांत अनेक आठवडे भर दिवसा शाळेत पाठ घ्यावे लागतात. ह्यास्तव दिवसपाळीचा विचार आधीच करावा.

पदवी थोर व पदविका हलकी, असे मानून कित्येक जण चुकीची वाट धरितात, आणि दोन वर्षे व घरचा पैसा खर्चून लहानग्यांच्या वर्गाबाहेरच राहतात. परंतु सावित्रीबाई फुले ह्यांनी अहमदनगरास मिशनच्या फेरारबाईंपाशी अध्यापनाचे धडे घेतले, ते मुलींस मुळाक्षरांपासून शिकविण्यासाठीच. प्रभूनेही बालकासच शिष्यांच्या मध्ये उभे केले. तर बंधुभगिनींनो, आधी मूल पाहा, मग पदवी निवडा.