रुंद टायर : शोभा की खर्च?

आपल्या लालबर्‍याच्या एका गृहस्थांनी जुनी मोटार घेतली आणि शोभेसाठी तिला रुंद टायर बसविले. आता ते विचारतात, "फादर, गाडी पेट्रोल जास्त का पिते?" हा प्रश्न पुष्कळांना पडतो, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

बैलगाडीपासून सुरुवात करू. लोखंडी धावेचे अरुंद चाक पावसाळ्यात धानाच्या बांधीत रुतते; बैलांना ते जणू सतत चढावरच ओढावे लागते. रुंद रबरी टायर भार पसरवतो, म्हणून कमी रुततो. मऊ जमिनीत रुंदी हिताची.

डांबरी रस्ता मात्र खचत नाही. तेथे टायरच दबतो आणि पुन्हा सरळ होतो. त्यात शक्ती उष्णता होऊन वाया जाते. हवेचा दाब सारखा असेल, तर केवळ रुंदीमुळे हा तोटा वाढतोच असे नाही. पण रुंद टायर व त्याची रिंग बहुधा जड असतात आणि वेगात वारा जास्त अडवतात. म्हणून खर्च वाढतो. २०१३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय-३ या विजेच्या मोटारीला पुढे उंच पण अरुंद, १५५ मिलिमीटरचे टायर होते, ते याच विचाराने.

आता हिशेब पाहा. समजा, गाडी महिन्याला १००० किलोमीटर चालते आणि लिटरला २० किलोमीटर देते. म्हणजे ५० लिटर पेट्रोल लागते. खर्च शेकडा ५ ने वाढला, तर अडीच लिटर जास्त. वर्षाचे ३० लिटर झाले!

तेव्हा करावे काय?

१. टायरवर '१६५/८० आर १४' असे लिहिलेले असते. १६५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या शेकडा ८० उंची, १४ ही रिंग इंचांत. कंपनीने सांगितलेलेच माप घ्यावे. टायर उंच झाला, तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो आणि हिशेबही चुकतो.

२. दर पंधरवड्याला, सकाळी टायर थंड असताना, हवा तपासावी. कमी हवेचा टायर तेल खातो, कडेने झिजतो आणि तापून फुटूही शकतो.

३. पैसे वाचविण्यासाठी मापापेक्षा अरुंद टायरही लावू नये. तो गाडीचा भार पेलेलच असे नाही, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लागला पाहिजे.

पेट्रोलपेक्षा घरच्यांचा जीव मोलाचा.