पूर्वजांची पोथी

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व अंगास, सह्याद्रीच्या पायथ्याशी, शहापूर व मुरबाड हे दोन तालुके वसलेले आहेत. एकीकडे माहुलीचे सुळके, दुसरीकडे सिद्धगडाचा उंच माथा आणि मधल्या दऱ्याखोऱ्यांतून वाहणाऱ्या भातसा व काळू या नद्या, असा हा मुलूख आहे. मुरबाड तालुक्यात म्हसे येथे पौष पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. गुरांच्या बाजारात कुणबी बैल पारखत असतो. रानातून आलेले ठाकूर, महादेव कोळी, वारली आणि कातकरी आपापल्या जिनसा घेऊन हिंडत असतात. त्या गर्दीत उभे राहून कोणी विचारले, "ही सारी माणसे मूळची कोठली?" तर काय उत्तर मिळेल? कोणी म्हणेल, "आमचे वाडवडील घाटावरून खाली उतरले." कोणी म्हणेल, "हा डोंगर जितका जुना, तितकेच आम्ही जुने."

नावांतून थोडा इतिहास कळतो. खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून कातकरी हे नाव पडले. आडनावांतूनही थोडे कळते. परंतु पाच-सात पिढ्यांपलीकडे माणसाची आठवण पोहोचत नाही. कागद वाळवीने खाल्ले, ताम्रपट हरवले आणि रानात राहणाऱ्यांस तर कागद कधी मिळालेच नाहीत. मग त्यांचा इतिहास नाहीसा झाला काय? नाही. एक पोथी अशी आहे, की जी राजाच्या दफ्तरात नसते, तर प्रत्येकाच्या देहात असते.

ती कशी वाचतात, हे समजण्यासाठी आधी दुसऱ्या एका पोथीची आठवण करू. ज्ञानेश्वरी इ. स. १२९० मध्ये लिहिली गेली. पुढे तीनशे वर्षे तिच्या नकला होत राहिल्या. एका लेखकाने एक अक्षर चुकविले, की त्याच्या पोथीवरून नक्कल करणारा तीच चूक उतरवी व आपली एखादी नवी चूक तीत घाली. असे अनेक अपपाठ शिरले, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये निरनिराळ्या प्रती पाहून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. ज्या दोन पोथ्यांत एकच चूक एकाच ठिकाणी आढळते, त्या बहुधा एकाच मूळ प्रतीवरून उतरलेल्या असतात. अशा चुका ताडून पाहिल्या, म्हणजे पोथ्यांची वंशावळ मांडता येते.

मनुष्याच्या शरीरातील पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यांतील अर्धा वारसा मातेकडून व अर्धा पित्याकडून येतो. यांपैकी २२ जोड्यांत प्रत्येक पिढीला अदलाबदल होते. त्यामुळे एखादा तुकडा कोणत्या पूर्वजाकडून आला, हे सांगणे पुढे कठीण होते. परंतु पुरुषाच्या तेविसाव्या जोडीत 'वाय' नावाचे एक लहान गुणसूत्र असते. ते केवळ पित्याकडून पुत्राकडे जाते आणि त्याचा बहुतेक भाग जसाच्या तसा उतरतो. या गुणसूत्राची सारी अक्षरे, सुमारे ६ कोटी २४ लाख, शास्त्रज्ञांनी इ. स. २०२३ मध्ये प्रथमच पूर्णपणे वाचली. नक्कल होताना यातही क्वचित एखादे अक्षर बदलते. तो बदल त्या पुरुषाच्या पुत्रांत, नातवांत आणि पणतवांत खुणेसारखा टिकतो. ज्या पुरुषांत एकच खूण आढळते, ते सारे एका पुरुषाचे वंशज होत. हे बदल साधारण ठराविक गतीने होत असल्यामुळे, दोन शाखा केव्हा फुटल्या याचाही अंदाज बांधता येतो.

या पद्धतीने मागे मागे जाऊ लागले, की साऱ्या शाखा आफ्रिका खंडात एकत्र येतात. आज पृथ्वीवर असलेल्या सर्व पुरुषांचा समान पितृपूर्वज सुमारे दोन ते तीन लाख वर्षांपूर्वी तेथे होऊन गेला. तो त्या काळचा एकटाच पुरुष नव्हता. इतर अनेकांच्या पितृशाखा मध्येच खुंटल्या, त्याची मात्र चालू राहिली. पुढे सुमारे पन्नास ते सत्तर हजार वर्षांपूर्वी मानवांच्या काही टोळ्या आफ्रिकेबाहेर पडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्या सरकत भारतात पोहोचल्या.

भारतात जी पितृशाखा फार जुनी मानली जाते, तिला शास्त्रज्ञ 'एच' या अक्षराने ओळखतात. तिची मुळे चाळीस हजार वर्षांहून अधिक जुनी आहेत. दक्षिण भारतात व अनेक आदिवासी समाजांत ती पुष्कळ आढळते. आपल्या उपखंडाबाहेर मात्र ती विरळ आहे. याच शाखेने एक मोठे कोडे सोडविले. युरोपात रोमा नावाचे लोक आहेत. पूर्वी त्यांस 'जिप्सी' म्हणत. कित्येक शतके ते गावोगाव भटकत राहिले आणि लोक त्यांस परके समजून हाकलीत राहिले. त्यांच्या भाषेत पाण्यास 'पानी', कानास 'कान' व नाकास 'नाख' म्हणतात, हे ऐकून भाषापंडितांनी ते मूळचे भारतीय असावेत, असे ताडले होते. इ. स. २०१२ मध्ये हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय उपखंडातील २१४ समाजांच्या नमुन्यांशी रोमा पुरुषांच्या खुणा ताडून पाहिल्या. 'एच' शाखेची एक फांदी दोघांत सारखी निघाली. शब्दांनी जी साक्ष दिली होती, तीच रक्तानेही दिली.

आता आपल्या डोंगरांकडे परत येऊ. इ. स. २०१० मध्ये महाराष्ट्रातील दोन प्रमुख आदिवासी समाजांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १८५ व्यक्तींची मातृपरंपरा आणि ९८ पुरुषांची पितृपरंपरा तपासण्यात आली. त्यावरून असे दिसले, की येथील लोकांचा वारसा बहुतांशी अश्मयुगापासून या भूमीत राहिलेल्या माणसांचा आहे. तथापि पितृपरंपरेत पश्चिम आशियातून सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आलेली 'जे' नावाची एक शाखाही मिसळलेली आहे. सह्याद्री, विंध्य, नर्मदा व तापी यांनी भिंतीसारखी आडकाठी केली आणि माणसे पश्चिम किनाऱ्याच्या वाटेने आली असावीत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला.

सह्याद्रीच्या भिंतीला दारेही आहेत, हे मुरबाडकरांस सांगावयास नको. सातवाहनांच्या काळी शूर्पारक व कल्याण या बंदरांतून निघालेला माल मुरबाडच्या बाजूने नाणेघाट चढून जुन्नर व पैठणकडे जात असे. घाटमाथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आजही आहे. शहापूरच्या बाजूस कसाऱ्याचा थळघाट आहे. अशा वाटांवरून व्यापारी, सैनिक, धनगर आणि भिक्षू दोन हजार वर्षे ये-जा करीत आले. जेथे वाट असते, तेथे केवळ माल जात नाही; नातीही जुळतात. इ. स. २०१३ मध्ये भारतीय उपखंडातील ७३ समाजांच्या अभ्यासातून असे आढळले, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात येथील जवळजवळ सर्व समाजांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली. त्यानंतर जातीबाहेर लग्न न करण्याची चाल रूढ झाली. म्हणजे ज्या भिंती आपण अनादि समजतो, त्या तुलनेने अलीकडच्या आहेत.

मात्र पितृशाखेची ही पोथी वाचताना तिची मर्यादा ओळखली पाहिजे. आपले आई-वडील दोन, आजी-आजोबा चार. असे मोजत दहा पिढ्या मागे गेले, तर पूर्वजांची संख्या १,०२४ होते. वाय गुणसूत्र त्यांतील केवळ एका पुरुषाची खूण सांगते. उरलेल्या १,०२३ जणांविषयी ते मुके असते. पुरुषाच्या एकूण आनुवंशिक वारशात त्याचा वाटा शंभरातील एकाइतकाच आहे. म्हणून 'मी अमुक शाखेचा' असा अभिमान धरणे, म्हणजे हजार पानांच्या ग्रंथाचे एक पान पाहून सारा ग्रंथ वाचल्याचा आव आणणे होय.

याहून मोठी एक गोष्ट आहे. मुलगी झाली म्हणजे वंशाचा दिवा विझला, असे अजूनही काही घरांत म्हटले जाते. शास्त्र याच्या उलट सांगते. वाय गुणसूत्र मुलीकडे जात नाही, हे खरे. परंतु पित्याकडील उरलेल्या बावीस जोड्यांतील अर्धा वारसा ती मुलाइतकाच घेते आणि आपल्या मुलांना देते. शिवाय पेशींतील सूत्रकणिकांचा वारसा केवळ मातेकडूनच येतो. मातेची ही परंपरा आफ्रिकेतील एका आदिमातेपर्यंत तितकीच अखंड पोहोचते. दिवा एका वातीचा नाही, दोन वातींचा आहे.

म्हशाच्या यात्रेत उभ्या असलेल्या त्या माणसांकडे आता पुन्हा पाहू. त्यांतील कोणाच्या पूर्वजांनी हे डोंगर आधी पाहिले, कोणाच्या मागाहून. परंतु आधी आलेल्यास 'रानटी' म्हणून हिणविण्याचा अधिकार मागाहून आलेल्यास नाही आणि मागाहून आलेल्यास 'परका' म्हणून लोटण्याचा अधिकार कोणासही नाही. शाळेच्या एकाच बाकावर कातकऱ्याचा मुलगा आणि सावकाराचा मुलगा बसतात, तेव्हा एकाच मूळ प्रतीच्या दोन नकला शेजारी ठेविल्यासारखे असते. अक्षरे थोडी इकडेतिकडे झाली आहेत. ग्रंथ तोच आहे.

स्वाध्याय

१. ज्ञानेश्वरीच्या नकला व वाय गुणसूत्र यांत कोणते साम्य आहे?
२. रोमा लोक मूळचे भारतीय, हे कोणत्या दोन साक्षींवरून ठरले?
३. 'दिवा एका वातीचा नाही, दोन वातींचा आहे.' या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस विचारून आईकडील व वडिलांकडील जितक्या पिढ्यांची नावे मिळतील, तितकी लिहा. कोणाकडील नावे अधिक मिळाली व ती का, याचा विचार करा.