दिवेलागणीचा दीड तास

मागे नागपुरात एका माळकरी घरी आम्ही हरिपाठाला गेलो होतो. बाहेर टाळ वाजत होते आणि आतल्या खोलीत चार वर्षांचे पोर मोबाईलकडे टक लावून घास गिळत होते. आपण काय खातो, याचीही त्याला शुद्ध नव्हती. "मोबाईल नाही दिला तर जेवतच नाही हो!" आई म्हणाली. आजोबांनी नातवाला दटावले. पण हरिपाठ आटोपताच त्यांनीही आपला मोबाईल काढला. का, तर कीर्तन पाहायचे होते!

आजोबा कीर्तन पाहतात आणि नातू खेळ पाहतो, हा भेद आपल्याला कळतो. लेकराला एवढेच दिसते की, फुरसत मिळाली की मोठी माणसे त्या काचेकडे वळतात. मूल सांगून कमी शिकते, पाहून अधिक शिकते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितले की, दोन वर्षांखालील मुलाला पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एका तासाहून अधिक नको, कमी तितके बरे. पडद्यापुढे जाणारा वेळ खेळातून, झोपेतून आणि माणसांशी बोलण्यातून वजा होतो. मोबाईल बोलतो पुष्कळ, पण लेकराच्या बोबड्या प्रश्नाला जबाब देत नाही.

२०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने मोबाईल मुलांच्या हाती आला. शाळा उघडल्या, पण मोबाईल काही सुटला नाही. तेव्हा २०२२ साली दोन गावांनी उपाय योजले. आमच्या विदर्भातल्या, पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे १५ ऑगस्टपासून निराळी रीत सुरू झाली. सायंकाळी सातला भोंगा वाजायचा, की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास करायचा आणि आईनेही मालिका बाजूला ठेवायची. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना समजावीत.

आम्हांला वडगावची रीत अधिक पटते, कारण तिथे नियम साऱ्या घराला होता. लेकराला बंदी आणि बापाला मोकळीक, असे केले की मूल फक्त लपवायला शिकते.

आपल्या घरी भोंगा नसेल, पण सांजवात तर आहे! दिवा लागला की घरातले सारे मोबाईल एका फळीवर ठेवावे, आजोबांचा पहिला. हरिपाठ करावा, मग पोराला पंगतीत घेऊन जेवावे. पहिले चार दिवस ते रडेल, ताट लोटील. रागावू नये, भूक लागली की जेवेल. पण रडण्याला भिऊन पाचव्या दिवशी मोबाईल देऊ नये, नाहीतर रडले की मिळते, हाच धडा ते घेईल.

असो. आज संध्याकाळपासून करून पाहावे.