तुरीच्या बियाण्यातील भुंगेरा व उष्णतेची योग्य मात्रा

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून तूर घेण्याची पद्धत रूढ आहे. पौष-माघात निवडून ठेवलेले तुरीचे बियाणे मृगाच्या पेरणीपर्यंत घरात राहते व याच काळात भुंगेरा त्याची नासाडी करतो. या किडीची मादी शेतातच शेंगांवर अंडी घालते. अळी दाण्यात शिरून तो आतून पोखरते. म्हणून वरून निकोप दिसणाऱ्या बियाण्यातही कीड असू शकते.

दाण्याच्या आत दडलेल्या अळीपर्यंत उष्णता पोहोचते. परंतु त्याच दाण्यात सजीव अंकुरही असतो. कीड मरावी व अंकुर जगावा, इतकीच उष्णता देणे हे या उपायाचे मर्म होय.

रेडिओलहरींनी दाणा कसा तापतो?

चुलीची आच बाहेरून आत जाते. याउलट धातूच्या दोन पत्र्यांमध्ये धान्य ठेवून पत्र्यांना उच्च कंपनसंख्येचा विद्युत्‌दाब दिला असता, दाण्यातील पाण्याचे व क्षारांचे कण वेगाने हालतात आणि दाणा आतूनच तापतो. या कामी बहुधा २७.१२ मेगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदास सुमारे २ कोटी ७१ लाख कंपने, ही संख्या वापरतात.

तापण्याचा वेग पुढील गोष्टींवर अवलंबून असतो :

१. विद्युत्‌क्षेत्राचा जोर : जोर दुप्पट केल्यास उष्णता चौपट निर्माण होते. समजा, धान्य ३० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसवर येण्यास ८ मिनिटे लागतात. जोर दुप्पट करताच तेच काम सुमारे २ मिनिटांत होईल. पत्र्यांतील अंतर कमी केल्यानेही जोर वाढतो.

२. ओलावा : ओलसर दाणे अधिक वेगाने तापतात. बियाणे सारखे वाळलेले नसल्यास काही दाणे भाजतात, तर काहींतील कीड वाचते.

३. काळ : इष्ट तापमान गाठणे पुरेसे नसून ते टिकविणे आवश्यक असते. मसूर, हरभरा इत्यादी कडधान्यांवर अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत ६० अंश तापमान १० मिनिटे टिकविण्याची मात्रा उपयोगी ठरली.

ढिगाच्या कडा व कोपरे अधिक तापतात. यास्तव घाईने तापविण्यापेक्षा बेताच्या जोराने तापवून, धान्य हलवून व गरम हवा खेळवून उष्णता सारखी करणे श्रेयस्कर. ही यंत्रे मोठ्या प्रक्रिया-केंद्रांसाठी आहेत. घरातील सूक्ष्मलहरी भट्टीत बियाणे कदापि घालू नये.

गावात करावयाचा उपाय

हेच तत्त्व सूर्याच्या उष्णतेने साधता येते. पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने तुरीचे बियाणे प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत उन्हात तापवून हा उपाय पडताळला आहे. चवळीवरील प्रयोगांत ५७ अंशांवर एक तास ठेवल्याने भुंगेऱ्याच्या सर्व अवस्था नष्ट झाल्याचे आढळले.

प्रथम बियाणे चांगले वाळवावे. ओलावा ९ टक्क्यांहून अधिक नसावा. निरभ्र दिवशी कोरड्या कडब्यावर काळे प्लॅस्टिक अंथरून त्यावर बियाण्याचा पातळ थर पसरावा. वर पारदर्शक प्लॅस्टिक घालून कडा दगडांनी दाबाव्यात. थरात तापमापक ठेवून मध्यभागी व कडेला तापमान पाहावे. हाताच्या अंदाजावर विसंबू नये. तापमान ५७ अंशांवर गेल्यापासून तास मोजावा व ते ६५ अंशांपुढे जाऊ लागल्यास आच्छादन उघडावे.

नंतर बियाणे थंड करून स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या कोठीत भरावे. उष्णतेचा प्रभाव मागे उरत नाही. कोठी उघडी राहिल्यास नवे भुंगेरे पुन्हा शिरतील.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तापविण्यापूर्वीचे व नंतरचे प्रत्येकी १०० दाणे ओल्या गोणपाटात उगवून दाखवावेत. प्रमाणित तुरीच्या बियाण्याची उगवण किमान ७५ टक्के असावी लागते. तापविल्यानंतर उगवण घटली, तर मात्रा अधिक झाली असे समजावे. म्हणून आरंभी थोड्या बियाण्यावर प्रयोग करावा व उगवण पाहूनच उरलेले बियाणे तापवावे.